डीलॉस बेटाचा जलमार्ग

ईजियन समुद्रांतील डीलॉस हें बेट उणेंपुरें साडेतीन चौरस किलोमीटरांचें. आज तेथें जावयाचें तर अथेन्सजवळच्या पिरीअस अथवा राफिना बंदरांतून आगबोटीनें, किंवा विमानानें, प्रथम शेजारच्या मिकोनॉस बेटावर उतरावें लागतें. पुढें लहान नावेनें सुमारें अर्ध्या तासाचा प्रवास. उन्हाळ्यांत नाक्सॉस व पारॉस बेटांवरूनहि नावा सुटतात. रात्रीं मुक्कामास मनाई असल्यामुळें प्रवाशांस त्याच दिवशीं परतावें लागतें. आणि उत्तरेचा वारा उठला कीं नावाच बंद. बेटाची ही निःशब्दता प्राचीन पावित्र्याचा अवशेष असावी, असें सहज वाटतें. आम्हांस तें मत ग्राह्य नाहीं.

तसें वाटण्यास आधार आहे, हें खरें. इ. स. पूर्वीं ४२६ च्या हिवाळ्यांत अथेन्सकरांनीं डीलॉसवरील सर्व थडगीं उकरून काढलीं, व यापुढें तेथें कोणीं जन्मूं नये व मरूं नये असा निर्बंध घातला. आसन्नप्रसव स्त्रिया व मरणोन्मुख माणसें शेजारच्या ऱ्हीनिया बेटावर न्यावयाचीं. परंतु त्या काळीं डीलॉस गजबजलेलें होतें. आयोनियन लोकांचा तेथें मोठा मेळा भरे. (पाणिनीच्या सूत्रांतील ‘यवन’ शब्द याच आयोनियन नामाचा, बहुधा इराणी भाषेच्या द्वारें आपणांकडे आलेला.)

अथेन्सहून अपोलोच्या यात्रेस दरवर्षीं एक पवित्र नौका जाई. तिच्या पिछाडीस माळ बांधल्यापासून ती परत येईपर्यंत नगरांत कोणासहि देहान्त शिक्षा देत नसत. इ. स. पूर्वीं ३९९ त सॉक्रेटिसाच्या चौकशीच्या आदल्या दिवशींच ही माळ चढली होती. झेनोफनच्या सांगण्याप्रमाणें त्यास तीस दिवस अधिक मिळाले. प्रतिकूल वाऱ्यानें नौका अडकून पडे, हें प्लेटोहि नमूद करतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवणाऱ्या कोंकणच्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.

यात्रेंतील गायकांचे ताफे गोंधळांतच किनाऱ्यास उतरत. निकिआसास हें रुचलें नाहीं. इ. स. पूर्वीं ४१७ च्या सुमारास त्यानें आपली मंडळी ऱ्हीनियावर उतरविली, अथेन्समध्येंच मापानें करून आणलेला पूल एका रात्रींत मधल्या अरुंद सामुद्रधुनीवर टाकला, आणि पहाटे मिरवणूक गात गात पुलावरून नेली. डीलॉसला पायीं जाण्याचा दुसरा प्रसंग आमच्या वाचनांत नाहीं.

खरी वर्दळ पुढेंच झाली. इ. स. पूर्वीं १६६ च्या सुमारास रोमनांनीं बेट अथेन्सच्या स्वाधीन करून तें जकातमाफ बंदर केलें. १४६ त कॉरिंथ उद्ध्वस्त झाल्यावर तेथील व्यापारहि इकडे वळला. एका दिवसांत दहा हजार गुलाम उतरवून घेऊन रवाना करण्याची या बंदराची शक्ति होती, असें स्ट्राबो लिहितो. ज्या भूमीवर मरण निषिद्ध, तेथें माणसांचा बाजार! पुढें ८८ त मिथ्रिडेटिसच्या सेनापतींनीं व ६९ त चाच्यांनीं बेट लुटलें, आणि पूर्वेकडील माल परभारें इटलीच्या बंदरांस जाऊं लागला. मंदिरें होतीं, अपोलोहि होता. गलबतें मात्र येईनाशीं झालीं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पॉसानिअस लिहितो कीं, अथेन्सनें नेमलेले देवळाचे रक्षक काढून घेतले तर बेट निर्मनुष्य होईल. आजहि तेथें रात्रीं राहतात ते रक्षक, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून उत्खनन चालविणाऱ्या फ्रेंच संस्थेचे अभ्यासक.