पाण्याचे बिल आणि बंदराचे कर्ज

बॉस्टनच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना दर तीन महिन्यांनी, काही ठिकाणी दर महिन्याला, पाण्याचे बिल येते. विजेचे आणि गॅसचे बिल आपण निरखून पाहतो. पाण्याचे मात्र पैसे भरून मोकळे होतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना तर पाण्याचे स्वतंत्र बिल हीच नवलाई वाटते. तिकडे पाणीपट्टी सोसायटीच्या वर्गणीत मिसळून गेलेली असते. इथल्या बिलात दोन रकमा असतात, एक पाण्याची आणि दुसरी मैलापाण्याची. आणि पुष्कळ गावांत दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी असते. पाणी कोसावरून आणायचे, शुद्ध करायचे, तरी ते स्वस्त. आणि वापरून सोडून दिलेले पाणी महाग! हे कोडे नुसत्या बिलावरून सुटत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आधी बिलाची भाषा पाहू. पाण्याचा मीटर घनफूट मोजतो आणि बहुतेक गावांत बिलातले एक युनिट म्हणजे १०० घनफूट, म्हणजे ७४८ गॅलन किंवा सुमारे २८३० लिटर. मैलापाण्याला मीटर नसतो. नळातून जितके आले तितके मोरीतून गेले असे धरून त्याच आकड्यावर दुसरा दर लावतात. त्यामुळे उन्हाळ्यात हिरवळीवर शिंपडलेल्या पाण्यावरही मैलापाण्याचा आकार पडतो. काही गावे बागेसाठी वेगळा मीटर बसवू देतात, तो याच कारणासाठी. संडासाची टाकी आतल्या आत गळत असेल तर दिवसाला २०० गॅलन सहज जातात, आणि त्याचे पैसे दोन्ही रकमांत भरावे लागतात.

आता पहिल्या रकमेची गोष्ट. अठराव्या शतकाच्या अखेरीस एक खाजगी कंपनी जमैका पाँड तळ्याचे पाणी लाकडी ओंडके पोखरून केलेल्या नळांतून बॉस्टनला आणत असे. शहर वाढले, विहिरी नासल्या, आगी लागल्या की पाणी पुरेना. तेव्हा शहराने स्वतः कर्ज काढून कोचिच्युएट तळ्यापासून कालवा बांधला. २५ ऑक्टोबर १८४८ रोजी बॉस्टन कॉमनवरच्या फ्रॉग पाँडमध्ये त्या पाण्याचे कारंजे उडाले. शाळांना सुट्टी होती, तोफा झाडल्या गेल्या, मिरवणूक निघाली. नळाला पाणी येणे हा केवढा सोहळा असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुंबईला विहार तलावाचे पाणी मिळाले ते त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी, १८६० मध्ये.

पण हेही पाणी पुरले नाही. १८९५ मध्ये बॉस्टन आणि शेजारच्या गावांसाठी एकत्र मंडळ नेमले गेले. त्याने क्लिंटनजवळ नॅशुआ नदीवर वाचुसेट धरण बांधले. तेही अपुरे ठरणार असे दिसताच नजर आणखी पश्चिमेला, स्विफ्ट नदीच्या खोऱ्याकडे गेली. तिथे डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट अशी चार गावे होती. २८ एप्रिल १९३८ रोजी ती कायद्याने अस्तित्वातून गेली. आदल्या रात्री एनफील्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा समारंभ झाला आणि बरोबर मध्यरात्री गाव संपले. सुमारे अडीच हजार माणसे हलली. साडेसात हजारांच्या आसपास थडगी उकरून दुसरीकडे नेली गेली. ज्यांना मुळशी किंवा कोयनेच्या विस्थापितांची कहाणी ठाऊक आहे त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. या खोऱ्यात उभे राहिले ते क्वाबिन जलाशय. १९४६ मध्ये तो पूर्ण भरला. त्याची क्षमता ४१२ अब्ज गॅलन. भोवतालचे रान राखलेले असल्यामुळे पाणी मुळातच इतके स्वच्छ, की आजही ते न गाळता, केवळ निर्जंतुक करून पुरवतात. वाटेतला बराचसा प्रवास ते उतारानेच करते, पंप फार थोडे लागतात. आपली पहिली रकम माफक राहते ती यामुळे. त्या चार गावांनी दिलेली किंमत बिलात कुठेच दिसत नाही.

दुसऱ्या रकमेची गोष्ट नेमकी उलटी आहे. पाणी आणण्यासाठी शंभर वर्षे हात सैल सोडणाऱ्या या शहराने मैला घालवण्यासाठी मात्र समुद्रावर भिस्त ठेवली. १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या योजनेत शहराचा मैला मून बेटावरच्या हौदांत साठवून ओहोटीबरोबर सोडून देत. त्या काळी ती देशातली नावाजलेली योजना होती. १८८९ मध्ये अनेक गावांचे मिळून मलनिस्सारण मंडळ झाले, पण मैल्याचा मुक्काम बंदरच. पुढे नट बेटावर १९५२ मध्ये आणि डियर बेटावर १९६८ मध्ये केंद्रे उभी राहिली. ती प्राथमिक प्रक्रिया करीत, म्हणजे जड मैला खाली बसू देत आणि वरचे पाणी समुद्रात सोडत. खाली बसलेला गाळही अखेर ओहोटीबरोबर त्याच बंदरात जाई! यंत्रे बिघडत, दुरुस्तीला पैसे नसत, कारण मंडळाचा खर्च विधिमंडळाच्या मर्जीवर होता. जमिनीखालच्या नळांना मते मिळत नाहीत.

१९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा केंद्रीय कायदा झाला. १९७७ पर्यंत सर्व शहरांनी दुय्यम प्रक्रिया, म्हणजे जिवाणूंकडून घाण खाववून पाणी साफ करण्याची सोय, उभारावी असे त्यात होते. त्यासाठी केंद्र सरकार खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा देऊ करीत होते. पुष्कळ शहरांनी ते पैसे घेऊन कामे उरकली. बॉस्टनच्या कारभाऱ्यांनी मात्र, समुद्र मोठा आहे, आम्हांला सूट द्या, असा अर्ज केला. अर्जविनवण्यांत वर्षे गेली आणि अखेर तो नामंजूर झाला. तोवर १९८१ मध्ये केंद्राचा वाटा कमी करण्याचे ठरले, आणि १९८७ च्या दुरुस्तीने अनुदानाची जागा कर्जांनी घ्यायची असे झाले. फुकटच्या जेवणाची पंगत उठत आली तेव्हा आपण हात धुवायला निघालो, असे हे झाले.

शेवटी कोर्टाने हलवले. क्विन्सी शहराचे वकील विल्यम गोल्डन किनाऱ्यावर धावायला गेले असता त्यांचा पाय मैल्यात पडला आणि १९८२ च्या डिसेंबरात शहराने दावा लावला. न्यायमूर्ती पॉल गॅरिटी यांनी १९८४ मध्ये नव्या इमारतींना मैलापाण्याची जोडणीच बंद करण्याचा आदेश दिला. बांधकामे अडली तसे विधिमंडळ खडबडून जागे झाले. त्याच डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स जलसंपदा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि जुलै १९८५ पासून हे प्राधिकरण कारभार पाहू लागले. त्याला स्वतः कर्जरोखे काढण्याचा आणि गावांकडून खर्च वसूल करण्याचा अधिकार मिळाला. केंद्रीय न्यायालयात न्यायमूर्ती डेव्हिड मॅझोन यांनी एकेका कामाची तारीख ठरवून दिली. १९८८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्ज बुश यांनी याच घाणेरड्या बंदराचे भांडवल करून गव्हर्नर डुकाकिस यांना खिंडीत गाठले.

काम प्रचंड होते. गाळ समुद्रात सोडणे १९९१ च्या डिसेंबरात थांबले. आता त्याचे खत होते. डियर बेटावर नवे केंद्र उभे राहिले. विमानातून लोगनला उतरताना दिसणारी बारा अंड्यांसारखी टोलेजंग पात्रे म्हणजे त्यातली गाळ कुजवण्याची सोय. साडेनऊ मैलांचा बोगदा समुद्राखालून खोदून सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला. त्यात १९९९ मध्ये दोन पाणबुड्यांनी प्राण गमावले. एकूण खर्च सुमारे ३.८ अब्ज डॉलर, आणि त्यातला बहुतांश वाटा अनुदानातून नव्हे, तर घरोघरच्या बिलांतून. १९९० च्या दशकात दर भराभर वाढले, लोक संतापले, आणि अखेर राज्याने कर्जफेडीला काही मदत सुरू केली.

मंडळी, आपल्या बिलातली दुसरी रक्कम म्हणजे हे कर्ज. प्राधिकरणाच्या वार्षिक खर्चातला निम्म्याहून अधिक भाग वर्षानुवर्षे कर्जफेडीत गेला आहे. प्राधिकरण ठोक दराने गावाला आकारणी करते, गाव त्यावर स्वतःच्या नळांचा, माणसांचा खर्च चढवते आणि मग बिल आपल्याकडे येते. म्हणूनच पाणी वाचवूनही दर का वाढतो, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर मिळते. हप्ता ठरलेला आहे. सगळ्यांनी कमी पाणी वापरले की तोच हप्ता थोड्या युनिटांवर वाटला जातो. तरीही बचत वाया गेलेली नाही. १९८० च्या सुमारास या भागाची मागणी दिवसाला ३० कोटी गॅलनांच्या निर्धोक मर्यादेपेक्षा वर गेली होती आणि आणखी एक नदी वळवण्याचे बेत चालले होते. गळती बुजवून आणि कमी पाण्याचे संडास बसवून ती २० कोटींच्या आसपास आली. दुसरे एखादे खोरे बुडायचे वाचले.

आपल्यापैकी बहुतेक जण या देशात आले ते ही घाण साठून गेल्यावर. मग तिचे पैसे आपण का भरायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण वारसा एकांगी मिळत नसतो. क्वाबिनचे पाणीही आपण न मागता मिळालेले आहे, आणि ते ज्यांच्या शेतांवर उभे आहे त्यांना आपण ओळखतही नाही. ठेव घ्यायची तर कर्जही घ्यावे लागते. आज बंदरात मुले पोहतात, पूर्वी ज्या माशांच्या यकृतात गाठी सापडत त्या आता सापडत नाहीत. पैसे समुद्रात गेले खरे, पण बुडाले नाहीत.

धडा इतकाच, की टाळलेला खर्च पुढच्या पिढीच्या बिलात येतो. १ मे २०१० रोजी वेस्टनमध्ये मुख्य जलवाहिनीचा जोड निखळला आणि सुमारे वीस लाख लोकांना पाणी उकळून प्यावे लागले. जुन्या बोगद्यांना पर्याय म्हणून नवे बोगदे खोदण्याची योजना त्यानंतर पुढे आली. तोही खर्च बिलात येणार. दर ठरवण्यापूर्वी गावोगावी जाहीर सुनावणी होते, तिथे रहिवाशाला प्रश्न विचारता येतात आणि खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. पुढचे बिल आले की दोन्ही रकमा शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि गावाच्या सुनावणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.