प्राटरचे मैदान

व्हिएन्ना म्हटले की आपल्याकडे सुशिक्षितांना संगीत आठवते, वैद्यकी शिकून आलेल्यांना तिथली रुग्णालये आठवतात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मात्र त्या शहरातले एक मैदान आठवते. डॅन्यूब नदीच्या बाजूला प्राटर नावाचा मोठा वृक्षमय प्रदेश आहे. एके काळी ती बादशाही शिकारीची राखीव जागा होती. 1766 साली दुसऱ्या जोसेफ बादशहाने ती सामान्य लोकांना खुली केली. त्याच प्राटरमध्ये 1931 साली व्हिएन्नाच्या नगरपालिकेने एक भव्य क्रीडांगण उभे केले. आज त्याला एर्न्स्ट हापेल स्टेडियम म्हणतात, आणि फुटबॉलच्या शौकिनांना ते ठाऊक असते. पण ते कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने बांधले, हे त्या शौकिनांपैकी थोड्यांनाच माहीत असेल.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले आणि व्हिएन्नाचा कारभार समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या हाती आला. शहर उपाशी होते, क्षयाने पोखरलेले होते, आणि एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत होती. गिरणगावातल्या चाळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ही स्थिती समजावून सांगावी लागत नाही. महापौर कार्ल झाइट्स आणि अर्थखाते सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी उपाय काढला तो सरळ होता. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचे. मोटारींवर कर, घरगड्यांवर कर, शर्यतीच्या घोड्यांवर कर. आणि 1923 पासून घरबांधणीसाठी खास कर, तोही असा की लहान घराला किरकोळ आणि बंगल्याला भारी. या पैशातून 1934 पर्यंत साठ हजारांवर घरे उभी राहिली. श्रीमंतांनी ब्राइटनरच्या नावाने किती बोटे मोडली असतील ती असोत, पण घरांत लोक राहायला गेले.

घर झाले, मग मैदान कशाला? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आपल्या नगरपालिकांतूनही विचारला जातो. त्याचे उत्तर आठ तासांच्या दिवसात आहे. ऑस्ट्रियात पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918-19 साली, आठ तासांचा कायदा झाला. कामगाराच्या हाती प्रथमच संध्याकाळ आली. आपल्याकडची तुलना ध्यानात घ्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरण्यांना 1890 साली रविवारची सुटी मिळाली. 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला, 1922 ला आठवडा साठ तासांचा झाला, आणि अठ्ठेचाळीस तासांवर यायला 1946 साल उजाडावे लागले. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस खेळत नाही, तो पडतो. खेळाच्या इतिहासाचे पहिले पान कामाच्या तासांचे असते, हे आम्ही गेली तीस वर्षे सांगत आलो आहोत आणि क्रीडासंस्थांच्या समारंभांत ते कोणाला फारसे रुचत नाही.

व्हिएन्नातल्या संध्याकाळीवर दारूच्या गुत्त्याचाही डोळा होता. नगरपालिकेचे आरोग्य आणि लोककल्याण खाते युलिउस टांडलर यांच्याकडे होते. हे गृहस्थ शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. माणसाला रुग्णालयात नेण्यापेक्षा त्याला उन्हात, पाण्यात आणि मैदानावर नेणे स्वस्त पडते, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या आग्रहाने स्टेडियमची योजना पुढे आली. प्रजासत्ताकाच्या दहाव्या वाढदिवशी, 12 नोव्हेंबर 1928 रोजी कोनशिला बसली. ऑटो एर्न्स्ट श्वायट्सर या जर्मन वास्तुविशारदाने सिमेंट-काँक्रीटचा लंबवर्तुळाकार सांगाडा उभा केला. त्यात राजवाड्याची नक्कल नाही, कमानी नाहीत, पुतळे नाहीत. सुमारे साठ हजार माणसे मावावीत आणि काही मिनिटांत बाहेर पडावीत, एवढाच विचार. आणि आमच्या मते तो पुतळ्यांपेक्षा अवघड आहे. मध्ये फुटबॉल, भोवती धावण्याचा मार्ग, आणि शेजारीच पोहण्याचे प्रचंड तलाव. म्हणजे बघणाऱ्यांची जागा आणि स्वतः अंग हलवणाऱ्यांची जागा एकाच योजनेत होती. हा मुद्दा लहान नव्हे.

11 जुलै 1931 रोजी स्टेडियम उघडले आणि 19 ते 26 जुलैला तेथे दुसरे कामगार ऑलिंपिक भरले. पहिले 1925 मध्ये फ्रँकफुर्टला झाले होते. या चळवळीचे पुढारी युलिउस डॉइच हे ऑस्ट्रियाचेच. दुसऱ्या ऑलिंपिकशी, म्हणजे ज्याची पदके आपण मोजतो त्याच्याशी, यांचे भांडण होते. तिथे देश देशाशी लढतो, इथे देशोदेशींचे सुतार, छापखान्यातले जुळारी, रेल्वेचे फायरमन आणि गिरणीतल्या बाया एकत्र येतात. राष्ट्रध्वजांच्या जागी लाल निशाण. विक्रमापेक्षा सामुदायिक कवायतीला मान. एका रात्री हजारो कामगारांनी मिळून मैदानावर एक अवाढव्य नाट्य केले, त्यात भांडवलाची प्रचंड मूर्ती शेवटी कोसळते. तेवढे सोपे ते पुढे ठरले नाही, हे आपण पाहणारच आहोत. पण त्या रात्री ज्यांनी ते पाहिले त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

दोन वर्षांनी, 1933 साली, सुभाषचंद्र बोस प्रकृतीच्या कारणाने व्हिएन्नात आले. कलकत्त्याचे महापौरपद भूषवलेला हा माणूस. तिथल्या नगरपालिकेच्या कामाची त्यांनी मुद्दाम माहिती करून घेतली. त्यांच्यासमोर जो कारभार होता त्याचे दिवस मात्र भरत आले होते. फेब्रुवारी 1934 मध्ये डोलफुस सरकारने तोफा लावल्या त्या कामगारांच्या वसाहतींवर. तेराशेच्या वर बिऱ्हाडे असलेल्या कार्ल मार्क्स होफवर गोळे पडले. पक्ष बेकायदा, युनियन बेकायदा, कामगारांचे क्रीडासंघही बेकायदा. महापौर झाइट्स कैदेत, डॉइच सरहद्दीपार. टांडलर 1936 साली मॉस्कोत वारले. आणि स्टेडियम? ते जागचे हलले नाही. त्याच वर्षी 1 मे रोजी, कामगारांच्या सणाच्या दिवशी, त्यात शाळकरी मुलांना जमवून नव्या राजवटीला मानवंदना देवविली गेली. काँक्रीटला निष्ठा नसते.

आता थोडे फुटबॉलविषयी, नाहीतर तरुण मंडळी उठून जातील. 13 सप्टेंबर 1931 रोजी याच मैदानावर ऑस्ट्रियाने जर्मनीला 5-0 असे हरवले. ह्यूगो माइझल यांनी बांधलेला तो संघ ‘आश्चर्यसंघ’ म्हणून गाजला. त्याचा कर्णधार शोभावा असा खेळाडू माटिआस झिंडेलार, फावोरिटेन या वीटभट्ट्यांच्या वस्तीतला, गवंड्याचा मुलगा. अंगाने इतका सडपातळ की लोक त्याला कागदी माणूस म्हणत. गंमत अशी की कामगार क्रीडासंघांना हा पैशाचा फुटबॉल मुळीच पसंत नव्हता, आणि कामगारांच्या गर्दीला तोच पसंत होता. पुढाऱ्यांचे आणि गर्दीचे असे मतभेद आम्ही जवळून पाहिलेले आहेत. त्यात दर वेळी पुढारीच बरोबर असतो असे नाही.

1938 च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. 3 एप्रिलला, सार्वमताच्या आधी आठवडाभर, या मैदानावर ऑस्ट्रिया आणि जर्मनी यांचा निरोपाचा सामना ठेवला. ऑस्ट्रिया 2-0 ने जिंकला; पहिला गोल झिंडेलारचा, दुसरा सेस्टाचा. झिंडेलार पुढे जर्मनीच्या संघातून खेळला नाही. 1939 च्या जानेवारीत तो आपल्या खोलीत धुराच्या विषारी वायूने मेलेला सापडला. त्यावरून त्याला हुतात्मा करणाऱ्या कथा पुष्कळ रचल्या गेल्या. आम्ही त्या कथांच्या वाटेला जात नाही, कारण त्याच झिंडेलारने 1938 मध्ये जो कॉफीगृहाचा धंदा घेतला तो एका ज्यू मालकाकडून सक्तीने सोडवलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला एकच हवी असेल त्याने इतिहासाऐवजी पोवाडा ऐकावा.

आणि मग सप्टेंबर 1939. पोलंडवर स्वारी होताच व्हिएन्नातल्या पोलिश वंशाच्या, कोणत्याच देशाचे नागरिक नसलेल्या एक हजारावर ज्यू पुरुषांना पकडून आणले. त्यांत मिसरूड न फुटलेली पोरे होती आणि म्हातारेही होते. त्यांना ठेवले कोठे? प्रेक्षकांच्या बैठकीखालच्या जागेत. टांडलरने ज्या जागेत लोकांना आरोग्य मिळेल म्हटले, तिथेच संग्रहालयातले शास्त्रज्ञ आले आणि चारशेचाळीस जणांची डोकी मोजून, केसांचे नमुने घेऊन, चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे काढून गेले. 30 सप्टेंबरला सर्वांची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. फार थोडे जगले. मोठे बंदिस्त आवार, मोजकी दारे, आणि झटपट माणसे हलवण्याची सोय. श्वायट्सरने गर्दीच्या सोयीसाठी साधलेले हेच गुण तुरुंगालाही उपयोगी पडले. दारे तीच असतात, फक्त किल्ली कोणाच्या हातात आहे ते बदलते. म्हणून नगरपालिकेच्या निवडणुकीला क्षुल्लक मानणाऱ्या मंडळींशी आमचे कधी पटत नाही.

युद्धानंतरची हकीकत थोडक्यात. 1956 मध्ये बैठकी वाढवून नव्वद हजारांच्या पुढे नेल्या. 30 ऑक्टोबर 1960 रोजी स्पेनविरुद्धचा सामना पाहायला 90,726 माणसे आली. तो विक्रम उभ्याने सामना पाहण्याच्या जमान्याचा, म्हणून पुन्हा मोडणे नाही. 1980 नंतरच्या दशकात छप्पर आले. युरोपीय चषकाचे अंतिम सामने 1964 पासून अनेकदा इथे झाले, 2008 च्या युरोपीय स्पर्धेची अखेरही इथेच झाली आणि स्पेनने जर्मनीला 1-0 हरवले. 1992 साली एर्न्स्ट हापेल हा नामांकित खेळाडू व शिक्षक वारल्यावर त्याचे नाव मैदानाला दिले. बसायच्या जागा आता पन्नास हजारांच्या आसपास आहेत, आणि गाण्याच्या जलशांनाही ते भरते.

बैठकीखाली कोंडलेल्यांची आठवण सांगणारी पाटी तिथे 2003 साली लागली. म्हणजे चौसष्ट वर्षांनी. एवढ्या वर्षांत त्या दारांतून लाखो माणसे सामन्याला आत गेली आणि सामना पाहून बाहेर आली.

शेजारचे पोहण्याचे तलाव मात्र अजून आहेत. उन्हाळ्यात तिकीट काढून कोणीही जावे, पोरांना पाण्यात सोडावे आणि काठच्या हिरवळीवर पडून राहावे. मैदानावर बाविसांचा खेळ चालला असेल तर त्याचा आवाज तिथपर्यंत येतो.