कुंभोद्भवाचा घट

अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावून भंडारदऱ्याच्या जलाशयातून वाहत येणारी ही नदी आणि तिच्या तीरावरचा हा ऋषी, या दोघांवाचून या तालुक्याची ओळख पुरी होत नाही. तालुक्याच्या साखर कारखान्यालाही अगस्तींचेच नाव आहे. रावणवधासाठी रामाला बाण इथेच मिळाला, अशी स्थानिकांची श्रद्धा आहे. समुद्र प्राशन करणारा, विंध्याला नमवून दक्षिणेस उतरणारा आणि घटातून जन्मलेला, म्हणून कुंभोद्भव म्हटला जाणारा हा ऋषी. गेल्या काही दशकांत त्याच्या नावाशी आणखी एक कथा जोडली गेली आहे. ती अशी, की विजेचा घट, म्हणजे आजच्या भाषेत बॅटरी, अगस्तींनी शोधून काढली.

कथेचा आधार आहे ‘अगस्त्यसंहिता’ या नावाने सांगितले जाणारे काही संस्कृत श्लोक. त्यांचा आशय थोडक्यात असा: मातीच्या भांड्यात तांब्याचा स्वच्छ पत्रा ठेवावा, त्यावर मोरचूद घालावे, मग लाकडाचा ओला भुसा पसरावा, वर पारा लावलेले जस्त ठेवावे, यांच्या संयोगातून ‘मित्रावरुण’ नावाचे तेज उत्पन्न होते. मोरचुदासाठी तिथे योजलेला शब्द मोराच्या मानेच्या निळाईवरून आलेला आहे. आपला मराठी शब्दही मोरावरूनच आला, हा योग मोठा गोड आहे. नाशिकचे अभियंते आणि प्राचीन शिल्पशास्त्राचे अभ्यासक रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांना ही पाने उज्जैनला मिळाली आणि ती शके १५५० च्या सुमाराची होती, असे सांगितले जाते. पुढे नागपुरात या वर्णनाबरहुकूम घट तयार करण्यात आला आणि ७ ऑगस्ट १९९० रोजी विद्वानांसमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले. त्याचा दाब १.१३८ व्होल्ट आणि लघुमंडल प्रवाह २३ मिलिअँपिअर भरला, असेही वृत्तांत सांगतात.

हे आकडे खरे मानायला काहीच हरकत नाही. किंबहुना ते खरेच असणार. जस्त आणि तांबे यांच्या क्षारद्रावणांतील प्रमाण विभवांतला फरक १.१० व्होल्ट आहे; मोरचुदाचे द्रावण दाट आणि जस्ताकडचे पातळ असले की तो किंचित वाढतो. प्रवाह इतका अल्प का, याचेही उत्तर सरळ आहे. आयनांना ओल्या भुशाच्या जाड थरातून वाट काढावी लागते आणि घटाचा अंतर्गत रोध ४९ ओहमच्या आसपास जातो. तेव्हा प्रयोग यशस्वी झाला यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्या यशाने नेमके काय सिद्ध झाले? कृती अचूक आहे, इतकेच. ती केव्हा लिहिली गेली, हे व्होल्टमापक सांगू शकत नाही. काल कोणी ती लिहिली असती, तरी काटा तिथेच थांबला असता. रसायनाच्या अंगावर तिथी कोरलेली नसते.

तिथी शोधायची तर ती कृतीच्या अंतरंगात शोधावी लागते. त्या वर्णनातला प्रत्येक पदार्थ हा कुठल्या तरी अडचणीवरचा उपाय आहे, आणि त्या अडचणी केव्हा, कुणाला, कशा क्रमाने आल्या याचा इतिहास उपलब्ध आहे. १८०० साली व्होल्टाने जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यासह एकावर एक रचल्या आणि जगाला पहिल्यांदा अखंड वाहणारी वीज मिळाली. ती टिकत मात्र नसे. तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचत आणि प्रवाह मंदावे. दुसरी अडचण जस्ताची: अशुद्ध जस्त घट वापरात नसतानाही आम्लात झिजत राही. त्याला पारा चोळला की ही झीज थांबते, हे १८३० च्या आसपास इंग्लंडात ध्यानात आले. बुडबुड्यांवरचा उतारा लंडनच्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६ मध्ये काढला. तांब्याभोवती मोरचुदाचे द्रावण ठेवले की तांब्यावर हायड्रोजनऐवजी तांबेच साचते. पण मग मोरचूद जस्तापर्यंत पोहोचू न देणे आले. त्यासाठी डॅनियलने आधी बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा वापरला, पुढे सच्छिद्र मातीचे भांडे आले. दोन द्रवांनी मिसळू नये आणि तरी त्यांच्यातला व्यवहार चालू राहावा, अशा भिंतीचा शोध हीच विद्युतघटाच्या इतिहासाची खरी गोष्ट आहे.

ही भिंत महाग होती, फुटत असे. तारायंत्राच्या कचेऱ्यांना असे शेकडो घट लागत. १८६२ मध्ये मिनोत्तो या इटालियन संशोधकाने मातीचे भांडे काढून टाकले: तळाशी तांब्याचा पत्रा, त्यावर मोरचुदाचे खडे, मग वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा ओला थर आणि सर्वांत वर जस्ताची चकती. घट हलवला नाही की द्रव आपापल्या जागी राहत. साध्या सामानात तयार होणारा आणि फारशी देखभाल न मागणारा हा घट कोणत्या देशाच्या तारखात्याने मोठ्या प्रमाणावर स्वीकारला? हिंदुस्थानच्या. कलकत्ता, आग्रा, मुंबई १८५४ साली तारेने जोडली गेली होती आणि १८५५ पासून सामान्य लोकांनाही तार पाठवता येऊ लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या तारकचेऱ्यांत मांडलेल्या घटांचे वर्णन करा म्हटले, तर जे वाक्य तयार होईल ते त्या श्लोकांच्या आशयापासून फार दूर असणार नाही.

यावरून कुणा एका व्यक्तीवर कूटलेखनाचा आरोप करण्याची घाई करू नये. पोथ्यांच्या वाटा वाकड्यातिकड्या असतात. पाने जोडली जातात, नावे उसनी घेतली जातात. संशोधकांना परिचित असलेली अगस्त्यसंहिता रामोपासनेचा वैष्णव ग्रंथ आहे, तिचा काळ साधारण बारावे शतक मानला जातो आणि तिचा विषय भक्ती हा आहे. विमानविद्येच्या ग्रंथाबाबत नेमका असाच प्रश्न उभा राहिला होता, तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये भाषा, वृत्त, आशय आणि हस्तांतराचा माग काढून तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा ठरवला. मार्ग हाच आहे. कागद कोणता, लिपी कुठली, शब्द कोणत्या काळचे आणि मधल्या पिढ्यांत त्या विद्येचे पडसाद कुठे उमटले, हे विचारावे लागते. घट होता तर त्याने काय केले? त्यावर चाललेल्या कारागिरीची एखादी परंपरा, एखादा फसलेला प्रयोग, एखादी तक्रार? व्होल्टा ते मिनोत्तो ही बासष्ट वर्षे चुकांनी भरलेली आहेत. ज्या शोधामागे एकही चूक नाही, त्याविषयी इतिहासकाराने सावध राहावे.

असे लिहिले की परंपरेचा द्रोह केल्याचा आरोप येतो. मला तो उलटा वाटतो. घटासाठी लागणारे जस्तच घ्या. हा धातू ९०७ अंशांना उकळतो. खनिजापासून वेगळा होताना त्याची वाफ होते आणि हवा लागली की ती जळून राख होते. ती वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची विद्या राजस्थानातील जावरच्या कारागिरांनी मध्ययुगात साधली. तिथे वापरलेल्या मुशींचे ढीग आजही पाहता येतात. रसशास्त्राच्या ग्रंथांत तिचे वर्णन आहे. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. इथे ग्रंथ आहे, भट्टी आहे, राख आहे, आणि तिन्ही एकमेकांना साक्ष देतात. हे खरे वैभव सांगायला आपल्याला वेळ नसतो, कारण ते कुण्या ऋषीच्या नावावर नाही. ज्यांनी ते घडवले त्या माणसांची नावेच उरलेली नाहीत.

आणि पुढचीही गोष्ट आहे. अगस्ती दक्षिणेस गेले आणि तमिळ व्याकरणाचे जनक ठरले, असे पुराणकथा सांगते. त्याच तमिळ प्रदेशात कारैकुडी येथे १९४८ मध्ये केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेची पायाभरणी झाली. अकोल्यापासून फार लांब नसलेल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने विकसित झालेल्या इंधनघटावर २०२० मध्ये मोटार आणि २०२२ मध्ये बस धावली. तिथेही प्रश्न डॅनियलचाच आहे: मधला पडदा कसा असावा, की हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे राहतील आणि प्रोटॉन तेवढे पलीकडे जातील. बैलाच्या अन्ननलिकेपासून या पातळ बहुवारिक पडद्यापर्यंतची वाट कुणा एकाच्या दिव्यदृष्टीने आखलेली नाही.

प्रवरेकाठच्या आश्रमात हात जोडताना बॅटरीची आठवण यायचे कारण नाही. अगस्तींना समुद्र पिण्याचे सामर्थ्य देणाऱ्या कवींना रूपक कळत होते. त्या रूपकाला प्रयोगवहीचे प्रमाणपत्र लागत नाही. तालुक्यातल्या शाळेत एखाद्या मुलीने काचेच्या पेल्यात तांब्याचा आणि जस्ताचा पत्रा बुडवून छोटा दिवा लावला, तर तिला ‘हे आपल्याला आधीच ठाऊक होते’ असे सांगून तिचा प्रश्न मिटवू नये. दिवा थोड्या वेळाने मंद का होतो, एवढेच तिला विचारावे. डॅनियलनेही तेच विचारले होते.