बुकोलोस, गोचर आणि गुरचरण

इंग्रजीत ‘ब्यूकॉलिक’ असा एक शब्द आहे. हिरवे कुरण, संथ ओढा, झाडाखाली पावा वाजवणारा गुराखी असे चित्र तो डोळ्यांसमोर उभे करतो. कोशात अर्थ मिळतो : रम्य ग्रामजीवनाविषयीचा. शब्दाच्या मुळाशी मात्र कष्टाचे काम आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘बुकोलोस’, म्हणजे गुराखी. त्यातला ‘बूस’ म्हणजे गाय किंवा बैल. आपल्या ‘गो’चा तो भाऊबंद. उरलेला भाग आणि संस्कृत ‘चर्’ हे एकाच प्राचीन धातूतून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ‘बुकोलोस’चे गोत्र ‘गोचर’शी जुळते. गोचर ही मुळात गाई चरण्याची जागा. पुढे इंद्रियांच्या टापूत येते ते ‘इंद्रियगोचर’ झाले. आज पोराला ‘अगोचर’ म्हणून दटावताना गाय कुणाला आठवते?

ग्रीक शब्दही असाच गोठ्यापासून दुरावला. इ.स.पू. 3ऱ्या शतकात सिरॅक्यूजच्या थिओक्रिटसने गुराख्यांची गाणी काव्यात आणली. त्याच कवीने इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याचे स्तोत्रही रचले. गुराख्याची गाणी अशी विदग्ध रसिकांच्या बैठकीत पोचली.

त्याच्या वाटेने गेलेल्या व्हर्जिलच्या ‘ब्यूकॉलिका’त दहा कविता आहेत. पहिलीच वाचावी. इ.स.पू. 42मध्ये फिलिपीची लढाई झाली आणि सैनिकांना बक्षीस देण्यासाठी इटलीत शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. कवितेत टिटिरस झाडाखाली पावा वाजवतो, कारण रोममध्ये दाद मागून त्याची जमीन वाचली आहे. मेलिबिअसची गेली आहे. तो शेळ्या हाकत परागंदा होतो आहे. नुकतीच व्यालेली शेळी आपली जुळी करडे उघड्या दगडावर टाकून आली आहे. रम्य ग्रामजीवनाचा हा आदिग्रंथ जमीन गेलेल्या माणसाच्या तोंडून सुरू होतो. पावा लक्षात राहिला, मेलिबिअस विसरला गेला.

‘चर्’ आपल्या महसुली दप्तरात अजून आहे : ‘गुरचरण’. गायरानांवरील अतिक्रमणे हटवून त्या जमिनी गावाला परत द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2011मध्ये सर्व राज्यांना द्यावा लागला. गावाकडच्या रम्य आठवणी लिहिणाऱ्या आपण सर्वांनी एकदा गावच्या नकाशात गुरचरणाचा गट शोधावा, आणि मग तिथे जाऊन पाहावे.