जपानच्या मातीतलं औषध आपल्या गोठ्यात

ढोराला गोचीड झाली की आपल्या आज्या कडुलिंबाचा पाला उकळायच्या, खरजेवर करंजीचं तेल चोळायच्या. आता गोठ्याच्या कोनाड्यात आयव्हरमेक्टिनची छोटी बाटली दिसते. ती तिथवर कशी आली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

1970 च्या दशकात जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इतो शहरातल्या गोल्फ मैदानाजवळची माती उचलली. त्या मातीतल्या जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी जंतांवर औषध काढलं. 1981 मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. माणसांची पाळी मागाहून आली. 1987 पासून आफ्रिकेतल्या, नदीकाठच्या माशीमुळे येणाऱ्या आंधळेपणावर कंपनी ते फुकट देऊ लागली. आधी ढोरं, मग माणसं, असं क्वचितच घडतं! 2015 च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

पण कोली जातीची कुत्री या औषधानं झोकांड्या खात मरताना दिसली. कारण 2001 मध्ये कळलं. त्यांच्यातल्या अनेकांत एक जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे औषध थेट मेंदूत शिरतं.

आपली गावठी कुत्री कोली नव्हेत. त्यांना, मांजरींना धोका आहे तो मापाचा. ढोरांच्या एक टक्का इंजेक्शनचं 1 मिली 50 किलो वजनाला असतं. त्या हिशेबानं तीन किलोच्या मांजरीच्या वाट्याला जेमतेम एक थेंब येतो. तो अंदाजानं कोण मोजणार? म्हणून गाईची बाटली कुत्र्या-मांजरांना लावूच नये. बेरारी शेळीचंही वजन डोळ्यांनी ठरवू नका, पशुसखीकडून मापून घ्या.

दुभत्या गाई-म्हशीला हे इंजेक्शन देऊ नये. ते चरबीत साठतं, दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच लेकरं पितात. मटणासाठी विकायच्या बोकडाला दिलं असेल, तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांनाच विचारा. शेणातूनही ते बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, हे फार कमी जणींना ठाऊक असतं.

2021 च्या मे महिन्यात गोवा सरकारनं कोरोनासाठी सगळ्या प्रौढांना हेच औषध द्यायचं जाहीर केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर मार्चमध्येच सांगितलं होतं, की चाचण्यांखेरीज ते कोरोनावर वापरू नये. तेव्हा गोठ्यातली बाटली माणसांनी तर घेऊच नये.

औषध दिल्यावर जनावराची लाळ गळली, अंग थरथरलं, बुबुळं मोठी झाली किंवा ते भिंतीवर आदळू लागलं, तर वाट पाहू नका. यावर खास उतारा नाही. लगेच 1962 ला फोन लावा आणि डॉक्टर येतील तेव्हा बाटली हातात तयार ठेवा.