गुप्त पाप, कथासाहित्यातील
गुप्त पाप, कथासाहित्यातील : लोकांच्या दृष्टीआड ठेवलेले पाप आणि ते झाकण्याची साधने यांना प्रतीकरूप देणारा कथा-कादंबऱ्यांतील एक आशय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत स्वच्छंदतावादाची जी काळोखी शाखा वाढली, तिच्यात तो विशेष ठळकपणे प्रकटला. एडगर ॲलन पो (१८०९–४९) याच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेतील खुन्याला जमिनीच्या फळ्यांखाली पुरलेल्या प्रेताच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. नाथॅन्येल हॉथॉर्न (१८०४–६४) याच्या द स्कार्लेट लेटर (१८५०) या कादंबरीत हेस्टरला व्यभिचाराचे लाल अक्षर उघडपणे छातीवर वागवावे लागते. तिचा सहअपराधी धर्मोपदेशक मात्र प्रतिष्ठेआड लपतो आणि आतून झिजत जातो. पाप दोघांचे, खूण एकीची, हा विषम न्याय या प्रतीकाच्या मुळाशी आहे.

मराठीत हाच विषम न्याय विधवेच्या प्रश्नातून पुढे आला. पुनर्विवाहाला बंदी असलेल्या घरांत विधवेचे गरोदरपण लपत नसे. तिच्या अवस्थेला कारण झालेला पुरुष मात्र बहुधा अज्ञातच राही. गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या हे त्याचे परिणाम होत. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत विधवांच्या अशा कोंडमाऱ्याचे चित्रण आढळते. तिची नायिका ख्रिस्ती धर्मावरील आपली श्रद्धाही घरात लपवून ठेवते. आडपडदा केवळ पापालाच लागतो असे नाही. सद्‌हेतूलाही तो लागतो, हे त्यावरून दिसते.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हा या गुप्ततेचा अर्थच पालटला. विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. पुरुषाला लाभणारा आडोसा प्रथमच स्त्रीला, तिचे व अर्भकाचे प्राण वाचविण्यासाठी, मिळाला. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले. सुरतेतील विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती नंतर सौम्य करण्यात आली. त्या वेळी स्त्रियांवर जी टीका झाली, तिला जालना जिल्ह्यालगतच्या बुलढाण्यातील ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या निबंधातून उत्तर दिले. झाकलेल्या दोषाचा धनी कोण, हा प्रश्न त्यांनी उघडपणे पुरुषांना विचारला.

विसाव्या शतकात हा आशय समाजचित्रणाकडून मनोविश्लेषणाकडे वळला. वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांच्या ययाति (१९५९) मध्ये नहुषाला मिळालेला शाप राजकुलात दडवून ठेवला जातो आणि राजवाड्यातून अशोकवनाकडे जाणारे भुयार हे राजाच्या चोरट्या वासनेचे प्रतीक बनते. तेथेही परिणाम भोगावे लागतात ते शर्मिष्ठेला व तिच्या पुत्राला. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–७६) यांच्या रात्र काळी घागर काळी (१९६२) व कोंडुरा (१९६६) या कादंबऱ्यांत कोकणातील निसर्ग, देवकोप, वासना आणि पापभय एकमेकांत मिसळतात. कोंडुरा मध्ये दैवी सिद्धी लाभल्याची श्रद्धा आणि मनुष्याच्या मनातील सुप्त भय यांच्यातील सीमारेषा पुसट होते. या कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी चित्रपट काढला.

अमेरिकन कथेत पापाचा साक्षी मुख्यतः व्यक्तीची सदसद्‌विवेकबुद्धी असते. मराठी कथेत तो पुष्कळदा कुटुंब व गाव असतो. त्यामुळे हॉथॉर्नची पात्रे कबुलीजबाबाने सुटका शोधतात, तर मराठी पात्रांपुढे अब्रू राखण्याचा प्रश्न आधी उभा राहतो. सव्वा लाखाची झाकली मूठ उघडली, तर किंमत कोणाला द्यावी लागेल, हे या परंपरेतील समर्थ कृतींनी दाखवून दिले आहे.