वारा नाही, तरी लाट मोठी कशी? समुद्राचं कॉम्प्युटर मॉडेल समजून घ्या

ओहोटी लागली की अलिबागला लोक चालत कुलाबा किल्ल्यावर जातात. समजा, आभाळ स्वच्छ आहे, वारा मंद आहे, पण मोबाइलवर उंच लाटांचा इशारा आलाय. मग इशारा चुकीचा समजायचा का? नाही. त्या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतातच. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या वादळात तयार होऊन त्या इथवर आलेल्या असतात.

मॉडेल काय करतं?
मॉडेल समुद्राचे चौकोनी तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यातलं पाण्याचं तापमान, खारटपणा, प्रवाह यांचे आकडे घेतं आणि पुढे काय होईल ते समीकरणांनी काढतं. आकडे उपग्रह आणि समुद्रातल्या उपकरणांकडून येतात. भारतात हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था करते. लाटांसाठी 'वेव्हवॉच ३' आणि प्रवाहांसाठी 'रॉम्स' ही मॉडेल्स ती वापरते.

लाट आधी कशी कळते?
दोन लाटांमध्ये १८ सेकंदांचं अंतर असेल, तर त्यांची ऊर्जा दिवसाला साधारण १,२०० किलोमीटर पुढे सरकते. दक्षिणेच्या वादळापासून रायगडपर्यंत सुमारे ७,५०० किलोमीटर, म्हणजे सहा-सात दिवसांचा प्रवास. वादळ दिसलं की हिशेब सुरू करता येतो. ४ आणि ५ मे २०२४ साठी इन्कॉइसने असा इशारा दिला, तेव्हा मुंबई महापालिकेने लोकांना समुद्रापासून लांब राहायला सांगितलं होतं.

मासळीशी काय संबंध?
त्याच चौकोनांत नायट्रेट, ऑक्सिजन आणि प्लवक, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, यांचाही हिशेब ठेवता येतो. याला जैव-भू-रासायनिक मॉडेल म्हणतात. जागा बदलली की नियम बदलतात. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर, पण लोह कमी, म्हणून प्लवकाची वाढ अडते. बर्फाखाली तर उजेडही कमी पोहोचतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येतं. त्यात पोषक द्रव्यं असतात, पण ऑक्सिजन कमी असतो. अशा पाण्यातून मासळी लांब जाते. पावसाळी ढगांमुळे उपग्रहाला पाण्याचा रंग दिसत नाही, तेव्हा मॉडेलचा आधार लागतो.

मॉडेल कुठे कमी पडतं?
चौकोनापेक्षा लहान गोष्ट त्याला दिसत नाही. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे साचलीय, हे तिथला कोळी बांधवच सांगेल.

तुम्ही काय कराल?
इन्कॉइसच्या वेबसाइटवर किंवा 'समुद्र' अ‍ॅपवर इशारा बघा. भरतीची वेळही बघा, कारण उधाणाच्या भरतीत अशी लाट आली की पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. इशारा असेल तर नुसता वारा बघून पाण्यात उतरू नका. घरात कुणी होडी घेऊन जात असेल, तर निघण्याआधी त्यांनाही दाखवा.